कानबाई कशी पाठवावी

माझ्या वडिलांच्या मते माल एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायचे पाच मार्ग होते आणि त्यातला सर्वांत वाईट मार्ग म्हणजे माणूस. माणसाला रजा लागते, वाटेत खायला लागतं, डोळा लागला की स्टेशन निघून जातं, आणि पोहोचल्यावर तो बोलतो. गाठोडं बोलत नाही. हे ते गमतीनं म्हणत नसत. अप्पा गमतीनं फारसं काहीच म्हणत नसत. कडोदऱ्याला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात ते मार्का मारायचं काम करत. साड्यांची पार्सलं बारदानात शिवून आली की त्यांच्यावर ब्रशनं, काळ्या शाईत, जायच्या गावाचं नाव लिहायचं. आख्ख्या हिंदुस्थानातली गावं त्यांच्या हाताखालून गेली होती, आणि त्यांनी स्वतः पूर्वेला जळगावच्या पुढचं काही पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या नखात कायम शाई असे. भाकरीवर ठेचा घेताना ती शाई पाहून आई रोज एकदा सुस्कारा टाकी.

आम्ही सुरतेत, लिंबायतमध्ये राहत होतो. खाली कुणाचे तरी बारा लूम आणि वर आमची खोली, म्हणजे एक खोली आणि तिला चिकटलेलं तिचं पिल्लू, ज्यात चूल आणि मोरी होती. लूमचा खडखडाट चोवीस तास असे. तो आम्हाला ऐकू यायचा बंद झाला होता. वीज गेली की मात्र सगळे दचकून जागे होत. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती आणि शाळेत पुस्तकातलं मराठी. मी पुढे म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत शिक्षिका झाले, त्यामुळे आता हे पुस्तकातल्या मराठीत लिहिते आहे. आई असती तर म्हणाली असती, "कोनले दाखाडी ऱ्हायनी?" रात्री जेवताना बाकीच्या घरांत लोक शेजाऱ्यांबद्दल बोलत. आमच्याकडे वाहतुकीबद्दल बोलत. म्हणजे अप्पा बोलत आणि आम्ही ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी चावत बसत असू. रेल्वे स्वस्त, पावसात माल भिजत नाही, पण गाडी लहान स्टेशनावर दोन मिनिटं थांबते आणि हमालाला तेवढ्यात तंबाखू मळायची असते. मग दोंडाईचाचं पार्सल जळगाव पाहून येतं. ट्रक भरवशाचा, हात कमी लागतात, पण भरल्याशिवाय निघत नाही, आणि जो माल खाली लागतो त्याला वरच्याचं ओझं सोसावं लागतं. एसटी वेळेवर, पण डेपोत कंडक्टर बदलला की नवा म्हणतो मला काही माहीत नाही. लक्झरी सर्वांत जलद, पण तिच्या डिकीत काय काय असतं ते देवालाच ठाऊक. जहाजाबद्दल त्यांना कुणी विचारलं तर ते म्हणत, मी जहाज पाहिलेलं नाही, मला मत नाही. इतका प्रामाणिक माणूस मी नंतर पाहिला नाही.

परवा भाच्यानं मला एक पार्सल पाठवलं. फोनवर दर तासाला ते कुठे आहे ते दिसत होतं. दोन दिवस ते कामरेजला होतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा कामरेजला पोहोचलं. अप्पा असते तर त्यांनी फोन बाजूला ठेवून म्हटलं असतं, खाली लागलंय.

आता नानांबद्दल. नाना म्हणजे माझे मोठे काका, अप्पांचे एकुलते एक भाऊ. ते दोंडाईचाजवळच्या आमच्या गावी राहत आणि मिरच्यांचा छोटासा धंदा करत. त्यांच्या मुलीच्या, म्हणजे माझ्या चुलत बहिणीच्या लग्नाला अप्पा गेले नाहीत. लग्नसराईचा सीझन होता, गोदामात पार्सलांच्या भिंती उभ्या होत्या आणि मालकानं रजा नाकारली. आम्हाला तरी पाठवावं, तर सुनीलला, माझ्या धाकट्या भावाला, कांजिण्या आल्या होत्या. मग अप्पांनी आपल्या अकलेप्रमाणे सर्वांत उत्तम गोष्ट केली. त्यांनी एक लोखंडी कपाट घेतलं, चांगलं गवतात आणि बारदानात बांधलं, त्यावर आपल्या हातानं मार्का मारला आणि ट्रकनं पाठवून दिलं. हळद लागली, लग्न लागलं, मुलगी सासरी गेली, आणि आठव्या दिवशी कपाट आलं. त्याचं एक दार आत दबलेलं होतं. नानांनी एका ओळीचं कार्ड टाकलं: कपाट पोहोचलं, तुला पाहिलं नाही. त्यानंतर चार वर्षं दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. अप्पा या काळात फक्त एवढंच म्हणत की दार दबलं ते वाटेत नरडाण्याला, सुरतेत नाही.

या भांडणाचा खरा त्रास आईला होता, आणि तो वर्षातून एकदाच होई, पण पुरून उरे. श्रावणात आम्हा खानदेशातल्या लोकांची कानबाई बसते. कानबाई म्हणजे नारळ. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं एकच नारळ असतं. त्याला साज चढवायचा, नथ घालायची, रविवारी चौरंगावर बसवायचं आणि सोमवारी नदीवर न्यायचं. आमच्याकडे साज चढवायचा मान थोरल्याचा. उघडं नारळ त्याच्याखेरीज कुणी पाहायचं नाही. सुनांनी तर नाहीच. त्या दिवशी गव्हाचे रोट होतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेऊन दळायचा, आणि ते रोट, ती पुरणपोळी, ती खीर, सगळं फक्त भाऊबंदांनी खायचं. बाहेरच्याला त्यातला कणही द्यायचा नाही. आमचं नारळ नानांकडे. भांडण झालं आणि आमचं जाणं थांबलं. मग श्रावणातल्या त्या रविवारी लिंबायतच्या आमच्या गल्लीत घरोघरी पुरण शिजे, तुपाचा वास जिन्यानं वर येई, आणि एरवी वाटीभर शेवभाजी केली तरी आणून देणाऱ्या शेजारणी त्या दिवशी आमच्या दाराकडे बघतही नसत. बिचाऱ्यांना बघता येत नव्हतं. आई दार लावून घेई आणि खिचडी टाकी.

मी दहावीत असताना मला टायफॉईड झाला. बरेच दिवस ताप उतरला नाही आणि एका दुपारी डॉक्टर अप्पांना बाहेर नेऊन बोलले. त्या दुपारी आईनं नवस बोलला की पोरगी उठली तर कानबाई इथे, या घरात बसवीन. मी उठले. माझे केस गेले, अभ्यास गेला, पण उठले. आणि आषाढ लागला तशी आई भाकरी थापता थापता थांबून माझ्याकडे पाहू लागली. नवस तिचा होता पण जीव माझा होता. फेडला नाही तर काय होईल ते ती बोलत नव्हती, आणि मला रात्री अंग जरा गरम लागलं तरी मीही बोलत नव्हते.

शेवटी आईनं सांगितलं आणि मी पत्र लिहिलं. नाना, पोरीसाठी नवस केला आहे, या वर्षी देवी सुरतेला द्यावी. आठ दिवसांत कार्ड आलं: पोरगी बरी झाली, आनंद झाला. देवी पाठवतो. कशी पाठवू ते लिहावे. आईला "पाठवतो" हा शब्द खुपला. ती म्हणाली, हे बोलणं कपाटाचं आहे. अप्पांना तसं काही वाटलं नाही. त्यांना चार वर्षांत पहिल्यांदा भावानं काहीतरी विचारलं होतं, आणि तेसुद्धा नेमकं जे त्यांना येतं तेच. त्यांनी रविवारी बसून उत्तर लिहिलं. त्यांना बारीक अक्षर येत नसे, पार्सलावर लिहीत तसंच कागदावर लिहीत, त्यामुळे पत्राची नऊ पानं झाली. रेल्वेचे फायदे, रेल्वेचे तोटे. एसटीचे फायदे, एसटीचे तोटे. लक्झरीच्या डिकीत नारळ कोणत्या बाजूला ठेवायला सांगावं. ट्रकनं पाठवल्यास खोका वरच्या थरात लागावा म्हणून ड्रायव्हरला काय सांगावं. शेवटी, मला विचारशील तर ट्रक, आमच्याच कंपनीचा, तो थेट माझ्या हातात येईल. पहिल्या पानाच्या डोक्यावर सवयीनं त्यांनी बाण काढून "वरची बाजू" असं लिहिलं होतं. नानांनी स्वतः देवी घेऊन यावं हा पाचवा मार्ग त्यात नव्हता. मी तसं म्हटलं तर अप्पा म्हणाले, "तो येणार नाही. आणि माणूस हे काही साधन नाही."

कानबाईच्या आधीच्या बुधवारी लक्झरीनं एक खोकं आलं. आत लाल फडक्यात नारळ. आईनं मान दुसरीकडे वळवून त्याच्यावर पदर टाकला, पाटावर बसवलं, आरती केली आणि इतकी रडली की सुनीलही रडायला लागला. अप्पांनी खोक्याचे चारही कोपरे दाबून पाहिले आणि लक्झरीबद्दलचं आपलं मत थोडं बदललं. गुरुवारी एसटी स्टँडवरून निरोप आला की कंडक्टरकडे तुमचं काहीतरी आहे. तेही नारळ. आई म्हणाली, "रानबाई उनी." कानबाईची जोडीदारीण रानबाई, हे बरोबरच होतं, नानांनी दोघींना वेगळ्या गाड्यांनी का पाठवावं एवढंच कळत नव्हतं. अप्पा म्हणाले, शहाणपणाचं आहे, सगळा माल एका गाडीत कधी घालू नये. शुक्रवारी सकाळी उधना स्टेशनवरून रेल्वेचं पार्सल सोडवून आणलं. सर्वांत आधी निघून ते तिसरं आलं होतं आणि वाटेत कुठेतरी मिरच्यांच्या पोत्यांत राहिलेलं होतं. आईनं शिंकत शिंकत त्यालाही पाटावर बसवलं आणि जाहीर केलं की हा कन्हेरराजा, कानबाईचा नवरा. आता देवघर भरलं होतं. आईनं गहू काढून दोघा पुरुषांच्या, अप्पांच्या आणि सुनीलच्या नावानं सव्वा सव्वा मूठ मोजून ठेवला.

शुक्रवारी संध्याकाळी अप्पा गोदामातून आले ते चप्पल न काढता आत आले. त्यांच्या हातात त्यांचाच गमछा होता आणि गमछ्यात एक फुटलेलं नारळ, दोन तुकडे. जुनं, काळं पडलेलं, आतलं खोबरं सुकून सुटलेलं. त्यांच्या कंपनीच्या ट्रकनं आलं होतं. खोकं खाली लागलं होतं. त्यावर नानांच्या हातचं अप्पांचं नाव होतं, आणि ते गोदामात उतरवून घेताना हमालांनी अप्पांनाच हाक मारली होती. आईनं त्या काळ्या करवंट्यांकडे पाहिलं, मग, पहिल्यांदाच मान न वळवता, पाटावरच्या तीन तुकतुकीत नारळांकडे. चारांतलं पिढ्यान्‌पिढ्याचं कोणतं ते आता सांगायची गरज नव्हती. आईनं मला जवळ ओढलं आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ थंड होतं. तिनं हात काढला नाही.

अप्पा भिंतीला टेकून बसले. खालचे लूम चालूच होते. आई म्हणाली, नानांना तार करा, नाहीतर गावातल्या दुकानात फोन करून निरोप ठेवा. जन्मभर सगळं पाठवत आलेला माणूस त्यावर म्हणाला, "नही. हाई धाडानं नही. हाई जाईसन सांगनं पडी." आणि शनिवारी पहाटे, रजा न मागता, गमछ्यातले दोन तुकडे छातीशी धरून ते पहिल्या एसटीनं गावाला गेले. मी त्यांच्यासाठी डबा बांधला होता. तो तसाच चुलीपाशी राहिला.

दुपारी तीनच्या सुमाराला जिन्यावर कुणीतरी फार सावकाश चढतंय असं वाटलं. दारात नाना. धोतर चुरगळलेलं, टोपीला कोळशाची धूळ, आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत, पोटाशी धरलेलं, पिवळ्या फडक्यात झाकलेलं काहीतरी. पॅसेंजरनं सकाळपासून ते तसेच बसून आले होते. आमच्याकडे आई नानांशी थेट बोलत नसे. जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलायचं ते पदर ओढून आणि पोरांमार्फत. त्यामुळे पुढचं सगळं संभाषण, दोघे तीन हातांवर असताना, माझ्यातून झालं.

"पोरी, तुन्हा बाप कोठे शे?"

"तुमच्याकडे गेले."

"कसाले?"

"देवी फुटली ते सांगायला."

नाना माझ्याकडे बघत राहिले. मग ओंजळीतल्या फडक्याकडे. मग पाटावर हळदकुंकू लावून बसवलेल्या तीन नारळांकडे. "देवी तं हाई शे," ते म्हणाले. "त्या दुकानना नारय शेतस."

आईनं मला सांगितलं, "इचार नानास्ले, तीन दिवसपाइन मी दुकानना नारयस्नी आरती करी ऱ्हायनू, ते कसाले?" मी विचारलं. नाना म्हणाले, "सांग तुन्ही मायले, तुन्हा बापनं नऊ पानं लिखी धाडात. म्हंतं देखू, कोनता रस्ता चांगला शे." आईनं पदराआडून एक आवाज काढला. तो रडण्याचा होता की हसण्याचा ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. मला मात्र इतका राग आला होता नानांचा, आणि इतकं हलकंही वाटत होतं, की मी तांब्याभर पाणी त्यांच्या पायांवर जरा जोरातच ओतलं.

आईनं चौरंग मांडला, पण नाना देवी ठेवायला तयार होईनात. ज्याचं घर त्यानं आपल्या हातांनी घ्यायची, असं म्हणाले. मग तो येईपर्यंत? तो येईपर्यंत मी बसतो. आणि ते बसले. खाटेवर, भिंतीला पाठ न टेकवता, मांडीवर देवी आणि तिच्यावर दोन्ही हात. अप्पांसाठी बांधलेला डबा मी सोडला आणि नानांना घास भरवले. चार वर्षं ज्यांचं नाव घरात निघत नव्हतं त्या माणसाचं तोंड मी ओढणीनं पुसत होते, आणि ते माझ्या विरळ डोक्याकडे बघून पुन्हा पुन्हा म्हणत होते, "येतीन, केस परत येतीन." आई उठली. दळायला काढलेल्या गव्हात तिनं आणखी सव्वा मूठ घातला. नानांनी ते पाहिलं. त्यानंतर त्यांनी पाणी मागितलं आणि दोन पेले प्यायले.

अप्पा रविवारी उजाडताना आले. गावाला घराला कुलूप पाहिलं तेव्हा शेजाऱ्यांनी नाना सुरतेला गेल्याचं सांगितलं होतं, कशासाठी ते त्यांना ठाऊक नव्हतं. परतीला एसटी नव्हती म्हणून ते मिरच्यांच्या ट्रकवर, पोत्यांच्या वर बसून आले होते. डोळे लाल, नाक लाल, गमछा छातीशी. ते दारातच गुडघ्यांवर बसले आणि गमछा उघडून त्यांनी दोन तुकडे नानांच्या पुढे ठेवले. "नाना, मन्हा गाडीमा देवी फुटनी."

"ते दुकानमाधलं जुनं नारय शे. देवी आठे शे," नाना म्हणाले. "उठ. हात धव."

अप्पांना ते समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ते चिडले नाहीत. मला वाटलं होतं चिडतील. ते म्हणाले, "चारी गाड्यास्मा सगळ्यात चांगली कोनती निंघनी?" खरंच, त्या क्षणी त्यांनी हे विचारलं.

"येक बी नही," नाना म्हणाले. "मन्ही पोरना लगीनले तू सोता येवाले पाहिजे व्हतं. कपाट उनं."

अप्पा मोरीत गेले, हात धुतले, पायही धुतले, आणि ओल्या हातांनी पुढे येऊन उभे राहिले. "मन्हं चुकनं, नाना," ते म्हणाले. नानांनी देवी उचलून त्यांच्या ओंजळीत दिली. इतक्या तासांनी नानांचे हात उघडेनात. बोटं तशीच वाकडी राहिली होती, आणि अप्पांनी देवी चौरंगावर बसवल्यावर परत येऊन भावाची बोटं एकेक करून सरळ केली. मग नानांनी आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लावून साज चढवला. त्या दिवशी आमच्या घरातून तुपाचा वास जिन्यानं खाली गेला आणि आम्ही कुणाच्या दाराकडे पाहिलं नाही. फुटलेल्या नारळाचं खोबरं आईनं कशातच घातलं नाही, ते नदीत सोडलं. उरलेल्या तीन नारळांची मात्र पुढे आठवडाभर चटणी झाली. रेल्वेच्या नारळाला मिरची वेगळी घालावी लागली नाही.

मागच्या श्रावणात भाचा म्हणाला, आत्या, आता सुरतेला विमानतळ आहे, देवी विमानानं नेऊ. चौकशी केली तर कळलं की सुकं नारळ विमानात नेऊ देत नाहीत. अप्पांना हे ऐकून समाधान वाटलं असतं.

त्या वर्षीच्या सोमवारी तापीवर देवीला न्हाऊ घातलं आणि संध्याकाळच्या गाडीला नाना निघाले. अप्पा आणि मी उधन्याला पोचवायला गेलो, दोघांची प्लॅटफॉर्मची तिकिटं काढून. शनिवारी न सांगता गेल्याबद्दल मालकानं अप्पांना सकाळीच निरोप धाडला होता की उद्या आला नाहीस तर येऊच नकोस. गाडी लागली. नानांना हातात देवी घेऊन दांडी धरता येईना, म्हणून त्यांनी ती अप्पांकडे दिली, स्वतः वर चढले आणि वळून दोन्ही हात पुढे केले. ती बोटं अजून नीट मिटत नव्हती. अप्पांनी त्या हातांकडे पाहिलं. मग त्यांनी देवी तशीच छातीशी धरली आणि एक कोपर दांडीत अडकवून ते डब्यात चढले. त्यांच्याजवळ रजा नव्हती, डबा नव्हता, गाडीचं तिकीटही नव्हतं. मी खालून ओरडले, अप्पा, गाडी सुटते आहे. त्यांनी मान हलवली. ते खिडकीपाशी नानांच्या शेजारी बसले, देवी मांडीवर घेतली, आणि गाडी वळणापर्यंत जाऊन दिसेनाशी होईतो मला दिसत होतं, माझे वडील बोलत होते.